सात विभूती आणि पडद्यावरची स्त्री

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. घरोघरी घट बसले असतील. काळ्या मातीत धान्य पेरून, कलशावर श्रीफळ ठेवून, झेंडूची पहिली माळ चढवून अखंड नंदादीप उजळला असेल. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर आणि वणी या साडेतीन शक्तिपीठांच्या वाटा भाविकांनी फुलल्या असतील. आता नऊ दिवस आदिशक्तीचा जागर चालावयाचा. कुठे सप्तशतीचा पाठ, कुठे गोंधळ, कुठे कीर्तन, तर कुठे मुलींचा भोंडला. स्त्रीरूपात परमेश्वराला पाहणारा असा उत्सव ज्या समाजात आहे, त्या समाजाने स्त्रीकडे कोणत्या दृष्टीने पाहावे हा प्रश्न वास्तविक उरूच नये. परंतु तो उरतो, आणि आरतीचे तबक खाली ठेवताच उभा राहतो.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंताने आपल्या विभूती सांगितल्या आहेत. त्यात स्त्रीरूपातील विभूती सात आहेत : कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा. यांतील प्रत्येक शब्द विचारपूर्वक पाहावा. श्री म्हणजे शोभा आणि समृद्धी, क्षमा म्हणजे सहनशील औदार्य. या दोन तर आपल्या परिचयाच्या आहेतच. पण भगवंताने त्यांच्याच पंक्तीला वाणी, स्मरणशक्ती, बुद्धी आणि धैर्य यांनाही बसविले आहे. आज घरातील लहानथोरांना आदर्श स्त्रीचे वर्णन करावयास सांगितले, तर सुंदर आणि सोशिक ही दोन विशेषणे सर्वांच्या आधी येतील. सातांतील दोन राहिल्या. उरलेल्या पाच कोठे गेल्या? त्या ग्रंथांतून गेल्या नाहीत. त्या आपल्या डोळ्यांपुढच्या चित्रांतून गेल्या आहेत.

चित्रातील देवी, रंगभूमीवरील नारी

आपल्या मनातील देवीला जो चेहरा आहे, तो पुष्कळ अंशी राजा रविवर्म्यांनी दिलेला आहे. १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. कमळात उभी असलेली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती त्या रंगीत चित्रांच्या रूपाने गरिबाच्या भिंतीवरही विराजमान झाल्या. ज्यांना देवळाच्या पायरीपर्यंतही जाता येत नव्हते, त्यांच्या घरी देवी आली, हे त्या चित्रांचे पुण्य कधीही विसरता येणार नाही. परंतु चित्र मुके असते. त्यात श्री दाखविता येते, दागिन्यांची झळाळी आणि पदराची चुणी दाखविता येते. वाणी आणि मेधा रंगवावयाच्या कशा? चित्रातील सरस्वतीच्या हाती पोथी दिसते, पण ती काय बोलते ते चित्रातून ऐकू येत नाही.

त्यापुढची पायरी रंगभूमीची. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडा झाला. त्यांच्या शालूची नेसण, त्यांची केशरचना आणि त्यांच्या चालण्याबोलण्याची ढब यांचे अनुकरण मोठमोठ्या घरांतील स्त्रिया करू लागल्या. ती कला अलौकिक होती यात संशय नाही. पण स्त्री कशी दिसावी हे एका पुरुषाने रंगमंचावर ठरवावे आणि स्त्रियांनी आरशापुढे उभे राहून तसे व्हावयाचा प्रयत्न करावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाही काय?

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळाली नाही. ती भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. मधल्या काळात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी पडद्यावर पाऊल टाकले होते. तरीही पडद्यावरच्या त्या सीतेचे रूप, वेष आणि हावभाव हे सारे पुरुषांच्याच कल्पनेतून आले. तो काळच तसा होता, यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. मात्र पुढे स्त्रिया पडद्यावर आल्या, तरी त्यांना कोणत्या साच्यात बसवावयाचे तो साचा तयार होता.

सीतामाईचे शब्द कोठे गेले?

२५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, दूरदर्शन संचाला हार घातला जाई, उदबत्ती लावली जाई. २०२० च्या टाळेबंदीत ती पुन्हा दाखविण्यात आली, तेव्हाही आजीआजोबांबरोबर नातवंडे हात जोडून बसली. त्या मालिकेने रामकथा नव्या पिढीपर्यंत पोहोचविली हे तिचे ऋण आहेच. परंतु तिच्यातून आणि शेकडो चित्रांतून मनावर ठसली ती सीता खाली मान घातलेली, मितभाषी आणि डोळ्यांत अश्रू आणणारी आहे.

महर्षी वाल्मीकींची सीता अशी मुकी नाही. अयोध्याकांडात श्रीराम तिला मागे ठेवून वनात जावयास निघतात, तेव्हा ती प्रथम विनवते, मग धर्माचे दाखले देते आणि तेवढ्यानेही भागत नाही असे पाहून असा टोमणा मारते की, पुरुषाच्या देहात वावरणाऱ्या स्त्रीला जावई करून घेतले, असे माझ्या पित्याला वाटले असेल! पतीला असे बोलणारी सीता आपण कोणत्या पडद्यावर पाहिली?

त्याहून महत्त्वाचा प्रसंग अरण्यकांडाच्या आरंभी येतो. ऋषींच्या रक्षणासाठी राक्षसांना मारण्याची प्रतिज्ञा श्रीरामांनी केली आहे. तेव्हा सीता त्यांना थांबवून विचारते की, ज्यांनी आपले काही वाईट केलेले नाही त्यांचा वध वैरावाचून करणे योग्य आहे का? ती एका तपस्व्याची कथा सांगते. इंद्राने त्याच्याजवळ एक खड्ग ठेव म्हणून ठेवले. ते सांभाळता सांभाळता तो ते जवळ बाळगू लागला, आणि शस्त्राच्या संगतीने त्याची बुद्धीच क्रूर झाली. शस्त्र हाती असले की मन बिघडते, हे राजनीतीचे तत्त्व रामायणात सीतेने सांगितले आहे. श्रीराम तिच्यावर रागावत नाहीत. तू स्नेहाने आणि हिताचे बोललीस, असे म्हणून ते आपली बाजू मांडतात. पतिपत्नींमध्ये धर्माचा विचार कसा व्हावा याचा हा वस्तुपाठ आहे. पण तो कोणाच्या स्मरणात नाही. स्मरणात आहे ती लक्ष्मणरेषा! ही रेषा वाल्मीकिरामायणात नाही. तेथे लक्ष्मण सीतेला वनदेवतांच्या स्वाधीन करून जातो. रेषा पुढच्या काळातील कथांनी आखली आणि चित्रांनी ती ठळक केली. मुळात नसलेली रेषा आज घराघरांतील मुलींपुढे ओढली जाते, आणि मुळात असलेली सीतेची वाणी मात्र कोणाला ऐकू येत नाही.

युद्धकांडात, रावणवधानंतर, श्रीराम सर्वांसमक्ष कठोर बोलतात. तेव्हाही सीता मौन धरीत नाही. एखाद्या सामान्य पुरुषाने सामान्य स्त्रीला बोलावे तसे आपण मला का बोलता, असे ती विचारते. आणि काही थोड्या स्त्रियांच्या वर्तनावरून आपण साऱ्या स्त्रीजातीविषयी शंका घेता, हे ती स्पष्टपणे दाखवून देते. आजच्या आपल्या विषयाचे सूत्र आदिकाव्यात सीतेनेच सांगून ठेवले आहे. एका चित्रावरून साऱ्या स्त्रीजातीची पारख करू नये.

द्रौपदी खरोखर हसली का?

द्रौपदीवस्त्रहरणाचे आख्यान लावले की, कीर्तन संपल्यावर श्रोत्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, “बुवा, ते सगळे खरे, पण आधी तीच हसली होती ना! आंधळ्याचा मुलगा आंधळा म्हणाली, म्हणून तर महाभारत घडले!” २ ऑक्टोबर १९८८ पासून बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ मालिका घरोघरी पाहिली गेली, तेव्हापासून तर हे वाक्य प्रत्यक्ष व्यासांनी लिहिले असावे अशी लोकांची खात्रीच झाली आहे.

आता मूळ काय आहे ते पाहू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची संशोधित आवृत्ती सिद्ध केली. १९१९ मध्ये आरंभिलेले ते महत्कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या आवृत्तीतील सभापर्व उघडावे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, तेव्हा हसतात ते भीम, अर्जुन, नकुल, सहदेव आणि सेवकजन. व्यासांच्या कथनात तेथे द्रौपदीचे नावही नाही. तिचे नाव येते ते पुढे, दुर्योधन हस्तिनापुरी परतून आपल्या पित्यापाशी गाऱ्हाणे सांगतो तेव्हा, त्याच्या मुखातून. आणि आंधळ्याच्या मुलाविषयीचे ते वाक्य तर तेथेही तिच्या तोंडी नाही. मत्सराने जळणाऱ्याची तक्रार आपण पुरावा म्हणून स्वीकारली, तिच्यात एका वाक्याची भर घातली आणि कुलक्षयाचे खापर एका स्त्रीच्या जिभेवर फोडले. द्यूताचा कपटी डाव, राजाचे व्यसन आणि वडीलधाऱ्यांचे मौन हे सारे एका काल्पनिक हास्याआड दडून गेले.

याच द्रौपदीने सभेत जे खरोखर विचारले ते मात्र आपण विसरलो. तिला न्यावयास आलेल्या प्रातिकामीला तिने परत पाठविले आणि विचारावयास सांगितले की, धर्मराजांनी आधी स्वतःला पणास लावले की मला? जो स्वतःच हरला त्याला दुसऱ्यास पणास लावण्याचा अधिकार राहतो का, असा हा न्यायशास्त्रातील बिनतोड प्रश्न होता. भीष्मांसारख्या पितामहांनाही धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून थांबावे लागले. कौरवांतील विकर्ण तेवढा तिच्या बाजूने उठला. भगवत्कृपेने वस्त्रे पुरविली गेली आणि लाज राहिली, हा प्रसंग ऐकताना कोणाचा कंठ दाटून येणार नाही? पण पांडवांची दास्यातून सुटका त्या वस्त्रांनी झाली नाही. अपशकुन झाले, विदुर आणि गांधारी यांनी सावध केले, आणि धृतराष्ट्राने वर मागावयास सांगितले. द्रौपदीने पहिल्या वराने धर्मराजाची आणि दुसऱ्या वराने अन्य चार पांडवांची मुक्तता मागितली. तिसरा वर तिने नाकारला; लोभाने धर्माचा नाश होतो असे म्हणून नाकारला. ज्याने तिचा भर सभेत अपमान केला, त्या कर्णालाही तेव्हा कबूल करावे लागले की, बुडणाऱ्या पांडवांना ही स्त्री नौका झाली. ही मेधा, आणि ही धृती!

सावित्रीचेही असेच. वटपौर्णिमेला आपण वडाला सूत गुंडाळतो, ते व्रत मंगलच आहे. परंतु वनपर्वातील सावित्रीने यमधर्माला जिंकले ते वाणीने. पतीची निवड तिने स्वतः केली. वर्षभराचेच आयुष्य आहे असे नारदांनी सांगितल्यावरही ती ढळली नाही. यमाच्या मागोमाग चालत ती सज्जनांच्या संगतीविषयी आणि धर्माविषयी एकेक सुंदर विचार मांडीत गेली. तिच्या बोलण्यावर प्रसन्न होऊन यम वर देत गेला, आणि अखेर सत्यवानाचे प्राणही त्याला परत द्यावे लागले.

अश्रूंचा धर्म

१९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा चित्रपट आला. अल्प खर्चात निघालेल्या त्या चित्रपटासाठी बायाबापड्या पादत्राणे बाहेर काढून चित्रगृहात बसत, पडद्यावर फुले आणि नाणी उधळीत. शुक्रवारचे व्रत गावोगाव पसरले. १९९१ मध्ये मराठीत ‘माहेरची साडी’ने तसेच विक्रम केले; आया-बहिणी पदराने डोळे पुसत चित्रगृहातून बाहेर पडल्या. त्या अश्रूंची थट्टा कोणी करू नये. पडद्यावरच्या सुनेच्या निमित्ताने त्यांनी स्वतःच्या मनात दडपलेले दुःख मोकळे केले. जे घरात बोलता येत नव्हते, ते अंधारात रडता आले.

पण अशा कथांचा उपदेश काय? छळ होईल तेवढा सोसावा, तोंडातून शब्द काढू नये, देव पाहून घेईल. पुढे रोज रात्री घरात येणाऱ्या कौटुंबिक मालिकांनी याच उपदेशाची दुसरी बाजू दाखविली. त्यांत एक सून अश्रूंची मूर्ती असते, आणि जी स्पष्ट बोलते, हिशेब मागते, स्वतःची बुद्धी चालविते, ती खलनायिका असते. बोलणारी स्त्री वाईट आणि न बोलणारी चांगली, असे हे समीकरण आहे. वर्षानुवर्षे ते पाहणारी सासू आपल्या सुनेला कोणत्या मापाने मोजणार, आणि ते पाहत वाढलेला मुलगा पुढे आपल्या पत्नीकडून काय अपेक्षिणार?

तितिक्षा, म्हणजे सहन करण्याची शक्ती, हा सद्गुणच आहे. परंतु गीतेत भगवंतांनी तितिक्षेचा उपदेश कोणाला केला? गांडीवधारी अर्जुनाला! शीतोष्ण आणि सुखदुःखे धैर्याने सोसावीत, असे एका वीर पुरुषाला सांगितले आहे. अन्याय मुकाट्याने सोसावा असे ना अर्जुनाला सांगितले, ना द्रौपदीला. क्षमा ही समर्थाची असते. जिला बोलण्याची मोकळीक नाही तिच्या मौनाला क्षमा म्हणणे हा शब्दाचाच अपमान आहे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. छळाला कंटाळून माहेरी आलेल्या लेकीला “सीतेने नाही का सोसले?” असे सांगून परत पाठविणारे आईबाप आपल्याच समाजात आहेत, आणि अशी परत पाठविलेली प्रत्येक लेक पुन्हा हसत माहेरी येतेच असे नाही. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, २००५ साली कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा झाला. परंतु कायद्याच्या दारापर्यंत जाण्यासाठी प्रथम तोंड उघडावे लागते. आणि तोंड उघडणे हेच पाप, अशी शिकवण जर देवादिकांच्या नावाने दिली जात असेल, तर ते त्या देवतांवरही बालंट आहे. सीतेचे नाव घेणाऱ्यांनी उत्तरकांडही आठवावे. भरसभेत पुन्हा शपथ घ्यावयाची वेळ आली, तेव्हा त्या भूमिकन्येने आपल्या मातेला हाक मारली, आणि मातेने तिला परत पाठविले नाही. पोटाशी घेतले.

बायकांनी स्वतः रचलेले

लोकरंजनाने स्त्रीचे रूप नेहमी बिघडविलेच, असे मात्र कोणी समजू नये. १९३६ च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटातील आवलीच पाहा. तुकोबारायांची ही पत्नी लोककथांतून केवळ कजाग म्हणून रंगविली गेली होती. दुष्काळ, घरातील दारिद्र्य, पोटची मुले आणि विठ्ठलाच्या ठायी रमलेला पती हे सारे सांभाळणारी ती माउली आहे, हे त्या बोलपटाने दाखविले. ती पांडुरंगाशीही भांडते, आणि तरी प्रेक्षकांना ती आपली वाटते. बोलणारी स्त्री प्रेमळ असू शकते हे तेथे दिसले. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’तही परित्यक्ता सीतेला स्वतःचा प्रश्न विचारण्यासाठी गीत मिळाले आहे. तात्पर्य, माध्यम वाईट नसते. ते हाती घेणाऱ्याची दृष्टी पाहावी लागते.

आणि स्त्रियांचे स्वतःचे लोकवाङ्मय? ते तर स्मृतीचे भांडारच आहे. मुक्ताईने ताटी लावून बसलेल्या आपल्या थोरल्या बंधूला, साक्षात ज्ञानेश्वरांना, उपदेश केला. जनाबाईने विठ्ठलाला जात्यावर दळावयास बसविले. तुकोबांची शिष्या बहिणाबाई हिने पतीकडून झालेला छळ आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत निर्भीडपणे नोंदविला, आणि तरीही तिच्या भक्तीत उणेपणा आला नाही. पहाटे जात्याशी बसून आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या ओव्या रचल्या, त्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक गोळा झाल्या. त्यांत सीतेचा वनवास आहे, आईची आठवण आहे, आणि सासरच्या जाचाविषयी स्पष्ट बोलही आहेत. आज सायंकाळी हत्तीभोवती फेर धरून मुली भोंडल्याची गाणी म्हणतील, तेव्हा कान देऊन ऐकावे. सासूसासरे, नणंदा, जावा या सर्वांची त्यांत कशी मिस्कील झडती घेतलेली असते! ही वाणी बायकांनी कधीच टाकली नव्हती. तिला मोठ्या पडद्यावर जागा मिळाली नाही, एवढेच.

या नऊ दिवसांत

कीर्ती आणि कीर्तन हे शब्द एकाच धातूपासून आले आहेत. कथा सांगणाऱ्याच्या मुखात ज्याची जशी कथा, तशी त्याची कीर्ती. पूर्वी हे काम कीर्तनकार, पुराणिक आणि शाहीर करीत. आज चित्रपट आणि मालिका करतात, आणि हातातल्या दूरध्वनीच्या काचेवर उमटणारी क्षणभराची चित्रेही करतात. ती बंद करा असे सांगून कोणी बंद करणार नाही. पण घरातील वडीलधाऱ्यांना एक गोष्ट करता येईल. मालिकेतील प्रसंग संपला की मुलांना विचारावे, “ती काय बोलली? तिला कोणी बोलू दिले का? मूळ ग्रंथात ती काय बोलली आहे, पाहू या का?” आणि हा प्रश्न मुलींइतकाच मुलांनाही विचारावा. नवरात्राच्या नऊ रंगांच्या साड्या हौसेने जरूर नेसाव्यात, त्यात वावगे काही नाही. मात्र त्या हौसेबरोबर रोज सप्तशतीचा एखादा तरी अध्याय अर्थासह घरात वाचला जावा.

तेथे काय आढळेल? पाचव्या अध्यायात शुंभाचा दूत देवीकडे येतो, तिच्या रूपाची वाखाणणी करतो आणि आमच्या स्वामींची हो असा निरोप देतो. त्या दैत्याला देवीची केवळ श्री दिसली होती. देवी गंभीरपणे मंद हास्य करून आपली प्रतिज्ञा सांगते की, जो मला संग्रामात जिंकील आणि माझ्या तोडीचा ठरेल तोच माझा भर्ता होईल. अकराव्या अध्यायात देव तिची स्तुती करताना म्हणतात की, सर्व विद्या आणि जगातील सर्व स्त्रिया ही तुझीच रूपे आहेत. पाठाच्या शेवटी आपण जे देवीसूक्त म्हणतो, ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील वाक् या अंभृण ऋषींच्या कन्येचे आहे. त्यात देवीचे वर्णन दुसरे कोणी करीत नाही. ती स्वतः बोलते, आणि अभिमानाने ‘मी’ म्हणून बोलते.

अष्टमीला कुमारिकेचे पाय धुऊन तिला पाटावर बसवाल, तेव्हा तिच्या कपाळी कुंकू लावून आणि हाती खाऊ देऊन थांबू नका. तिला बोलते करा आणि तिचे पुरते ऐकून घ्या. सून ओटी भरेल, तेव्हा तिच्या मनात काही साचले असेल तर तेही ऐका. लेक माहेरी आली असेल, तर तिच्या मौनाचा अर्थ विचारा.

घटातील धान्य नवव्या दिवशी अंकुरून वर येते, कारण त्याला माती मिळते, पाणी मिळते आणि वाढू दिले जाते. कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा या सातही विभूती आपल्या घरातील लेकीसुनांच्या ठायी अशाच अंकुरोत, आणि त्या ओळखण्याची दृष्टी आपणा सर्वांना लाभो, हेच जगदंबेच्या चरणी मागणे.

आई अंबेचा उदो उदो!